मागे उभे राहणारे

‘ब्लॉग’ या शब्दाला मराठीत ‘अनुदिनी’ असा प्रतिशब्द काही मंडळींनी योजिला. तो फारसा रुळला नाही. लोक ‘ब्लॉग’च म्हणत राहिले. पण शब्द गोड आहे, आणि आम्हां नाशिककरांना तर तो ऐकताच टाकळी आठवते. नंदिनी (रोजच्या बोलण्यात आम्ही तिला नासर्डी म्हणतो) जिथे गोदावरीला मिळते, तिथे समर्थ रामदासांनी १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तप केले, असे परंपरा सांगते. पहाटे नदीत उभे राहायचे, सूर्य माथ्यावर येईपर्यंत जप करायचा, मग पंचवटीत माधुकरी मागायची, असा नेम. ‘अनुदिनी’ म्हटले की करुणाष्टके आठवतात ती उगीच नव्हे. रोजच्या रोज मन उघडे करायचे, आणि तेही एकाच श्रोत्यापुढे. तो श्रोता ‘वा’ म्हणत नाही, ‘छान’ म्हणत नाही आणि काल किती जण ऐकत होते हेही सांगत नाही.

इंग्रजी शब्दाचे कूळ निराळे आहे. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ सालचा. तोच पुढे आखडून ‘ब्लॉग’ झाला. त्यातला ‘लॉग’ म्हणजे जहाजावरची नोंदवही. वारा कुठला, वेग किती, कोणत्या दिवशी काय दिसले, हे रोज लिहून ठेवायचे. ते कोणी लगेच वाचावे म्हणून नव्हे. जहाज बंदराला लागल्यावर, किंवा न लागल्यास, कोणाला तरी विचारावेसे वाटेल म्हणून. रामदासांची अनुदिनी आणि खलाशाची नोंदवही यांत एक गोष्ट सारखी आहे. दोघांच्याही मागे गर्दी उभी नव्हती.

मी चित्रकार. लेखणी हे माझे हत्यार नव्हे. पण २००६ सालापासून मी अशी एक अनुदिनी ठेवीत आलो आहे. गोदाघाटावर किंवा जुन्या नाशकाच्या बोळांत बसून केलेले रेखाटन, आणि खाली चार-सहा ओळी: कुठे बसलो होतो, ऊन कसे होते, समोरचा माणूस काय म्हणाला. त्यामुळे माणूस जे करतो ते कोणासाठी करतो, हा जुनाच प्रश्न माझ्यापुढे जरा नव्या वेशात येऊन बसला आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवावा, इतपत तो जिभेला झोंबणाराही आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर केला पाहिजे. कलावंत एकांतात काम करतो आणि इंटरनेटने त्याला चव्हाट्यावर आणले, असे पुष्कळांना वाटते. आमच्या गावात तरी हे खरे नाही. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांत गोदाघाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे सांगायला नको. इथे बसून चित्र काढायचे म्हणजे बाजारात बसून काढायचे. कागद फळीला लावून पाच मिनिटे झाली नाहीत तोच मागे माणसे उभी राहतात. एक जण ‘हुबेहूब!’ म्हणतो, त्या वेळी कागदावर दोन पुसट रेघा असतात. दुसरा नारोशंकराच्या देवळाच्या पायऱ्या मोजून सांगतो की, तुमची एक कमी पडली. ओल्या लुगड्यातली, हातात तांब्या घेतलेली एखादी आजी म्हणते, “आमचं घर तिकडं मागं आहे, ते बी काढा की.” एखादा व्यवहारी गृहस्थ विचारतो, “याचे किती येतात?” आकडा ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जी करुणा पसरते ती रंगवायला मला अजून जमलेली नाही. आणि क्वचित एखादा माणूस असा येतो की, तो काही म्हणत नाही. अर्धा तास उभा राहतो. मध्ये एकदा पिशवी या हातातून त्या हातात घेतो. मग निघून जातो. आपण मागे वळून पाहावे तर त्याची पाठ दिसते. मी चित्रे काढतो ती या शेवटच्या माणसासाठी, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले आहे.

तेव्हा लोक पाहतात, याला माझी हरकत कधीच नव्हती. उलट अनुदिनीची पहिली वर्षे मला घाटासारखीच वाटली. त्या काळाची थोडी हकिकत सांगतो. घरातल्या लहानांना ती पुराणातली वाटेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट आपल्या देशात सर्वांसाठी खुले केले. पुढच्याच वर्षी ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ उभे राहिले, आणि जगभर पांगलेली मराठी माणसे तिथे गप्पा मारायला जमू लागली. पण मराठी लिहायचे कसे, ही मोठी पंचाईत होती. ज्याच्या यंत्रावर तुमच्याच वळणाची अक्षरे बसविलेली असतील त्यालाच तुमचे मराठी वाचता येई. इतरांच्या पडद्यावर नुसती चिन्हांची भेळ. म्हणून लोक रोमन अक्षरांत मराठी लिहीत आणि वाचणारा ‘कळ’ आणि ‘काळ’ यांत चाचपडत बसे. युनिकोड नावाच्या व्यवस्थेने ही अडचण दूर केली. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक द्यायचा आणि सगळ्या यंत्रांनी तो पाळायचा, एवढीच ती युक्ती. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५. नाशिकच्या यंत्रावर २३२५ आणि नैरोबीच्या यंत्रावरही २३२५. ही व्यवस्था घरगुती यंत्रांत मुरल्यावर २००४ साली ‘मनोगत’ आले, २००७ साली ‘मिसळपाव’ आले, आणि ज्याला त्याला आपापले पान उघडता येऊ लागले. अशी पाने फुकट देणारे ‘ब्लॉगर’ १९९९ पासून होतेच. २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतले.

माझ्या पानावर महिन्याला फार तर वीस-पंचवीस माणसे येत. त्यांतली पाच-सहा काही लिहीत. कोणी कोल्हापूरचे सेवानिवृत्त शिक्षक. त्यांना माझ्या शुद्धलेखनाची काळजी. कोणी बडोद्याच्या बाई. त्यांना चित्रातल्या प्रत्येक झाडाचे नाव हवे. मागे उभे राहणारेच हे, फक्त लांबचे. त्यांची ओळख व्हायला वेळ लागे, आणि तो वेळ सर्वांजवळ होता.

मग आकडा आला. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने पसंतीचा अंगठा आणला आणि पाहता पाहता सगळीकडे त्याची भावंडे जन्मली. चित्राखाली आता माणूस नव्हे, संख्या दिसू लागली.

संख्येविषयी माझे काही वाकडे नाही. आमच्या घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की सारे गाव त्या मारुतीकडे पाहते. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे निरोप घरोघर पोचतात. मीटर आणि घनफुटे सरकारी कचेरीत. नाशिककराचे माप मारुती. २००८ च्या सप्टेंबरात, २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टात आम्ही त्याला पुरात उभा पाहिला. ‘कमरेला’ म्हटले की, कोणाच्या दुकानात पाणी शिरणार, कोणी माल वर चढवायचा, कोणता पूल बंद होणार, हे सारे त्या एका शब्दात येते. ते माप आहे, कारण त्याच्यामागे काय आहे ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. चित्राखालचे ‘चौदाशे’ हे कशाचे माप? चौदाशे जणांनी चित्र पाहिले, की चौदाशे अंगठे चालता चालता काचेवर टेकले? त्यांत तो अर्धा तास उभा राहणारा होता काय? त्याला मोजण्याची सोयच तिथे नाही. तो काही बोलत नाही, कशाला हात लावीत नाही. घाटावर तो निदान सावलीने कळतो. आकड्याच्या राज्यात तो जन्मालाच आलेला नसतो.

माझ्याजवळ शिकून गेलेली एक मुलगी आहे. गुणी आहे. हाताला वेग आहे आणि पाण्याला घाबरत नाही. जलरंगात यापेक्षा अधिक काय हवे? तिची चित्रे आता हजारो लोक रोज फोनवर पाहतात. तिच्याशी या विषयावर माझा वाद होतो. तो वाद मी नेहमी जिंकतो असे मुळीच नाही.

ती म्हणते, “सर, मुंबईला जहांगीरमध्ये एक आठवडा मिळायला किती वर्षं रांगेत उभं राहायचं? आणि रांगेत उभं राहायला तरी मुंबईत ओळखी, भाडं, फ्रेमांचा खर्च. माझे बाबा सिडकोत राहून अंबडच्या कारखान्यात पाळी करतात. मला कोण विचारणार होतं?” यावर माझ्याजवळ उत्तर नाही. तिने स्वतःच्या बळावर, कोणाच्या दारात न जाता, आपली चित्रे विकली आणि धाकट्या भावाची फी भरली. कलेच्या पावित्र्याविषयी व्याख्यान देणाऱ्याने आधी ती फी भरून दाखवावी.

ती असेही म्हणते, की कलावंताचा हात नेहमीच कोणी ना कोणी वळवीत आला आहे. हे तर इतिहासच सांगतो. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना घातला, तेव्हा घरोघरच्या देवघरांना काय हवे याचा विचार त्याने केला नसेल काय? दरबारी चित्रकार राजाची मिशी जरा भरदार काढीतच असत. पण राजा एक होता आणि त्याला तोंड होते. त्याचा राग यायचा, कंटाळा यायचा. त्याच्याशी भांडता यायचे. दुसऱ्या दरबारात निघून जाता यायचे. संख्येशी भांडावे कसे? ती रागावत नाही, फक्त कमी होते.

एकदा ती आपल्या दोन वर्षांच्या कामाची चळत घेऊन आली. आम्ही ती चित्रे जमिनीवर ओळीने मांडली. फोनवर एकेक पाहताना जे दिसत नाही ते जमिनीवर दिसते. पहिल्या ओळीत दुपार होती, भाजीबाजार होता, धुण्याचे दगड होते, एक आजारी घोडा होता. हळूहळू संध्याकाळ वाढत गेली. शेवटच्या दोन ओळींत प्रत्येक चित्रात दिवे: पाण्यात सोडलेले दिवे, खिडकीतले दिवे, आरतीचे दिवे. मी काही बोललो नाही. तीच बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, मला दिवे आवडायला लागलेत, की त्यांना आवडतात म्हणून मला आवडतात, हे आता मलाच सांगता येत नाही.”

सगळा प्रश्न हा आहे. पैसे मिळवावेत की नाही, लोकांना आवडेल ते काढावे की नाही, हे प्रश्न सोपे आहेत; माणूस त्यांची उत्तरे ठरवू शकतो आणि ठरवून वाकू शकतो. जाणूनबुजून ग्राहकासाठी दिवे काढणारा चित्रकार आणि आपल्या आवडीने दिवे काढणारा चित्रकार, दोघेही मोकळे आहेत. पण कोणता दिवा कोणाचा हेच कळेनासे झाले तर? हुकूम करणारा कोणी नाही, लाच देणारा कोणी नाही, आणि तरी हात वळला आहे. नीतीचे आमचे सारे जुने शब्द, लोभ, लाचारी, खुशामत, इथे अपुरे पडतात. लोभ धरायला माणसाला निदान लोभ सुटला आहे हे कळावे लागते. २०२१ साली इन्स्टाग्रामने आकडे लपविण्याची सोय करून दिली. तिने ते लपवून पाहिले. “कुणी जेवणाची चव विचारू नये म्हणून जीभच बांधून ठेवल्यासारखं वाटलं,” म्हणाली, आणि आठवड्याने परत चालू केले.

दुसरी एक गोष्ट आहे. ती मला याहून गंभीर वाटते. रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात. दहाव्याची कामे तिथे रोज चालतात. नुकतेच मुंडन केलेला मुलगा, ओले धोतर, समोर पिंड, आणि कावळ्याची वाट पाहणारी दहा-बारा माणसे. चित्रकाराच्या दृष्टीने सांगायचे तर माणसाचे शरीर इतके निखळ दुसऱ्या कुठल्याच वेळी दिसत नाही. तेव्हा कोणी ऐट करीत नाही, पोट आत घेत नाही. मी ती रेखाटने पुष्कळ केली आहेत. एकदा तशा एका गृहस्थाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी वही मिटली. त्यांनी मान किंचित हलविली आणि पुन्हा समोर पाहू लागले. आम्हां दोघांतला तो सगळा व्यवहार दोन क्षणांत पुरा झाला. कायद्याच्या कोणत्याही कलमाने तो इतका नेमका झाला नसता.

ही रेखाटने माझ्या कपाटात आहेत. अनुदिनीवर त्यांतले एकही मी टाकलेले नाही. मित्र म्हणतात, “चेहरे ओळखू येत नाहीत, मग अडचण काय?” अडचण चेहऱ्याची नाही. मी रेखाटतो तेव्हा तो माणूस मला पाहू शकतो. नको म्हणू शकतो. निदान कपाळाला आठी घालू शकतो. चित्र जगापुढे टाकले की त्याची मान वर करण्याची सोय मी काढून घेतो. आता कुंडावर दहा-दहा फोन उंचावलेले असतात आणि अंत्यविधीचेही थेट दर्शन नातेवाइकांना घरबसल्या होते. दूरदेशी अडकलेल्या मुलाला बापाचा दहावा असा पाहता आला, तर त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण त्या मुलासाठी धरलेला फोन आणि वाटसरूने धरलेला फोन दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत. पाहणाऱ्याचा पाहिल्या जाणाऱ्याशी काही संबंध आहे काय, एवढे तरी विचारावे लागते.

त्याच कुंडाच्या काठी या प्रश्नाचे एक जुने उत्तर कापडात बांधून ठेवलेले आहे. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या वह्या ठेवतात हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच. तुम्ही गेलात की गुरुजी विचारतात, गाव कोणते, आडनाव काय. मग आतून एक वही येते, पाने उलटतात, आणि तुमचे आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, कोणत्या साली कोणत्या निमित्ताने आले, बरोबर कोण होते, हे गुरुजी वाचून दाखवतात. खाली ज्याची त्याची सही. जुने लेख मोडीत. मग तुम्ही आपला लेख लिहायचा: आज अमुक आलो, वडील वारले म्हणून आलो, बरोबर बायको आणि दोन मुले, मुलांची नावे ही. सही करायची. वही मिटते.

आमचे घराणे निफाड तालुक्यातले. माझ्या पणजोबांचा लेख मी असाच पाहिला. तीन ओळी आणि एक सही. सहीतले शेवटचे अक्षर शाई संपल्यासारखे पुसट. त्यांनी त्या तीन ओळी कोणासाठी लिहिल्या? गर्दीसाठी नव्हे, ती वही कोणी चव्हाट्यावर वाचीत नाही. स्वतःसाठीही नव्हे, स्वतःचे नाव त्यांना ठाऊक होते. जो पुढे कधी तरी येऊन गाव आणि आडनाव सांगेल त्याच्यासाठी. तो येईलच असे नाही. आला तर कोणता असेल हे ठाऊक नाही. त्याच्याकडून शाबासकी मिळायची सोय नाही. तरीही नीट, तारीख घालून, कोणाला न वगळता लिहायचे. खलाशाच्या नोंदवहीची आणि या वहीची जात एकच. माझ्या मते चांगल्या अनुदिनीचीही तीच आहे, असावी.

अर्थात वही म्हटली की ती सांभाळणारा आला. गुरुजी दक्षिणा घेतात, कधी घासाघीसही करतात. पण वही त्यांच्या घरात आहे, ते घर कुठे आहे ते गावाला ठाऊक आहे, आणि वही हरवली तर ‘कशी हरवली’ असे विचारायला यजमान दारात उभा राहतो. आमच्या पानांचे उपाध्याय सातासमुद्रापलीकडे आहेत. याहूने २००९ साली ‘जिओसिटीज’ बंद केले आणि लोकांनी हौसेने मांडलेली असंख्य घरगुती पाने एका फटक्यात गेली. थोडी काही भल्या मंडळींनी धावाधाव करून उतरवून ठेवली. २०१४ च्या सप्टेंबरात ‘ऑर्कुट’ गेले. दक्षिणा न घेणाऱ्या उपाध्यायाला वहीची जबाबदारीही नसते, हे आम्हांला तेव्हा कळले.

आणि सही? तिचेही कठीण आहे. दर वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाचे निरोप फोनवर येऊन आदळतात. त्यांत तात्यासाहेबांच्या नावावर असल्या काही ओळी असतात, की त्या लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली असती तर त्यांनी मौन पत्करले असते. उलट कोणा अनामिकाची खरोखर चांगली कविता नाव गाळून फिरत राहते. संत शहाणे, त्यांनी आपले नाव शेवटच्या चरणातच विणून टाकले, म्हणजे कापू म्हणता कापता येऊ नये. तरी त्यांच्या गाथांत दुसऱ्यांचे अभंग शिरलेच. तेव्हा हा दोष फोनचा नव्हे. फोनने फक्त कात्री प्रत्येकाच्या हातात दिली.

एवढे सगळे दिसत असूनही मी माझे पान बंद का करीत नाही, याचे कारण सांगतो.

२००७ साली तिवंधा चौकाजवळच्या एका बोळात मी एका वृद्ध बुकबाइंडरचे रेखाटन केले होते. जमिनीवर बसून, एक पाय पुठ्ठ्यावर दाबून धरून ते दाभणाने भोके पाडीत. शेजारी खळीची वाटी. वाचनालयांची फाटकी पुस्तके, शाळांची हजेरीपत्रके आणि, त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, रामकुंडावरच्या गुरुजींच्या वह्या हे सारे त्यांच्या हाताखालून जाई. मी खाली तेवढे लिहिले. नाव लिहिले नाही, विचारलेच नव्हते. त्या चित्राला दोन प्रतिसाद आले. एक कोल्हापूरच्या गुरुजींचा, ‘पुठ्ठा’ शब्द मी चुकीचा लिहिला होता म्हणून.

तुलनेसाठी सांगतो. २०१५ च्या सिंहस्थातले एका साधूचे चित्र मी नव्या पद्धतीने फोनवर टाकले, तर एका रात्रीत त्याला काही हजार अंगठे मिळाले. आजवर त्याच्याविषयी मला कोणी एक शब्द विचारलेला नाही.

बाइंडरच्या चित्राला बारा वर्षे झाल्यावर, २०१९ मध्ये, टोरोंटोहून एका बाईंचे पत्र आले. त्यांच्या मुलीने शाळेत विचारले होते, की आपले पूर्वज काय काम करीत. आईने रात्री बसून देवनागरीत ‘तिवंधा बुकबाइंडर’ असे शब्द शोधायला टाकले, आणि गुरुजींनी वही काढावी तसे ते पान वर आले. “ते माझे आजोबा,” बाईंनी लिहिले होते. “चेहरा तुम्ही अर्धवटच काढलाय. पण पुठ्ठ्यावर तो पाय असा फक्त तेच ठेवायचे. आमच्याकडे त्यांचा लग्नातला एक फोटो आहे, कोट घातलेला. काम करतानाचं काहीच नव्हतं.” मग त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. मूळ कागद विकत द्याल काय, आणि चित्राखाली त्यांचे नाव घालाल काय.

कागद मी पाठविला, विकत नव्हे. नाव घालण्यापूर्वी मात्र थोडा थांबलो. आजोबांची इतर नातवंडे इथेच, नाशकात आहेत. त्यांना विचारा, असे मी बाईंना कळविले. महिनाभराने उत्तर आले. एका चुलतभावाला ते नको होते. आजोबा जमिनीवर बसून काम करीत हे जगाला कशाला सांगायचे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या मुलाचे लग्न ठरत होते. त्याचे मला नवल वाटले नाही आणि रागही आला नाही. रामकुंडावरच्या त्या गृहस्थांसारखी त्यानेही मान वर केली होती. लग्न पार पडेपर्यंत आम्ही थांबलो. पुढच्या वर्षी त्याचाच निरोप आला, की घाला नाव, पण गावाचेही घाला, आणि ‘सार्वजनिक वाचनालयाची पुस्तके बांधीत’ हेही घाला. १८४० सालापासूनच्या त्या वाचनालयाचा दाखला त्याला बहुधा कोटासारखा वाटला असावा. मी तसे घातले. खाली बाईंनी आपल्या मुलीचे नाव आणि तारीख लिहिली. पुढे त्या चुलतभावाच्या सुनेनेही लिहिले.

हे मी माझ्या त्या विद्यार्थिनीला सांगितले. ती म्हणाली, “सर, असं एखादंच होतं.” खरे आहे. पण तेव्हापासून ती चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहू लागली आहे: जागा, वार, समोर कोण होते, त्याने काय विचारले. दिवे अजून आहेत. मधूनमधून दुपारही येते.

माझ्या पानाचे काय होईल ते त्याच्या परदेशी उपाध्यायांच्या हाती. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी ते सारे, चित्रे आणि टिपणे आणि लोकांचे प्रतिसादसुद्धा, कोल्हापूरच्या गुरुजींच्या दुरुस्त्यांसकट, कागदावर उतरवीत आहे. तीनशे पाने झाली आहेत. ती गुरुजींच्या वहीसारखी कापडात, जाड दोऱ्याने शिवून घ्यावी असे मनात आहे. पण त्या बोळात आता ते काम करणारे कोणी राहिलेले नाही. त्या जागी मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. भद्रकालीत एक जण आहे म्हणतात. दिवाळी झाली की त्याच्याकडे जाऊन विचारणार आहे.